चीनचं नाव काढायचं नाही

मागच्या आषाढात मी भंडारा जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या नगरचे लोक विचारतात, तिकडं कोण आजारी होतं? हौसेनं कोणी तिकडं जातं हे त्यांना पटत नाही. खरं कारण सांगितलं तर त्याहून पटत नाही. मी एक जपानी कादंबरी मराठीत आणतो आहे, आणि तिच्यातला चिखल मला जमत नव्हता, म्हणून गेलो.

जवाहरनगर

कादंबरीबद्दल आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते तिच्यामुळं. जपानी मला येत नाही, इंग्रजीवरून करतो. लेखकाचं नाव मी दर वेळी वेगळं उच्चारतो, तेव्हा इथं त्याला नुसतं ‘माझा जपानी’ म्हणतो. त्याच्या कादंबरीत डोंगरातलं एक खोरं आहे. तिथं तळ्याच्या पाण्यावर भात पिकवणारं एक घराणं राहतं. त्यांचा मूळपुरुष शेकडो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून चीनमधून आला आणि त्यानं त्या खोऱ्याला तळं बांधायला शिकवलं. तळ्याचं पाणी शेतात सोडायच्या मोरीवर त्यानं चिनी अक्षरं कोरून ठेवली आहेत: ‘पाणी आधी शेवटच्या शेताला.’ घरातली पोरं चिनी कविता पाठ करतात, घरातला म्हातारा चिनी अक्षरं गिरवतो. ज्याला ते आपलं म्हणतात त्यातलं बरंचसं तिकडून आलेलं, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे.

मग महायुद्ध येतं. त्या घरातला मुलगा शिपाई होऊन चीनमध्येच जातो. एका गावात तळ्याच्या मोरीवर त्याला तीच अक्षरं दिसतात, घरच्यासारखी. आणि दुसऱ्या दिवशी त्याची तुकडी ते गाव जाळते. तोही जाळतो. म्हातारपणी दोन्ही देशांचं बोलणं सुरू झाल्यावर तो त्या गावी परत जातो. एक म्हातारी त्याला ओळख न विचारता बसवते आणि भात वाढते. कादंबरी तिथंच संपते. म्हातारीला तो कोण हे कळलं होतं का, हे माझा जपानी सांगत नाही.

दोन तृतीयांश भाषांतर झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की या माणसाच्या दर दुसऱ्या पानावर भात लावतात, आणि मी ज्वारीच्या देशातला. आमच्याकडं तांदूळ म्हणजे वरणाखाली घालायची एक मूद. माझ्या भाषांतरातला चिखल पार कोरडा होता. इतक्यात जवाहरनगरहून भाचा विनायक याचं बोलावणं आलं. तो तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला आहे. क्वार्टर्समधल्या मंडळींनी एक वाचनमंडळ काढलं होतं, तिथं बोलायला या म्हणाला. भंडाऱ्याकडं भात असतो एवढं मला माहीत होतं. लगेच हो म्हटलं.

जवाहरनगर हे वसवलेलं गाव. सारख्या रंगाची क्वार्टर्स, सरळ रस्ते, रस्त्याच्या कडेनं झाडं आणि वेळेवर सुटणाऱ्या कारखान्याच्या बसेस. बसची वेळ झाली की घराघरातून माणसं डबे घेऊन निघायची आणि मागं कपडे वाळत घालणाऱ्या बायका आणि मी उरायचो. कारखान्यात नक्की काय होतं हे विचारायचं नाही, असं विनायकनं मला पहिल्याच चहाला बजावलं. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, मला सांगून तरी काय समजणार होतं? शेजारी बंगाली, पलीकडं मल्याळी, समोर नागपूरकर. विनायकची बायको सुनंदा हिनं शेजारणींकडून उचललेले पदार्थ मला आलटून पालटून खायला घातले आणि दर वेळी ‘मामा, जमलंय का?’ म्हणून विचारलं. माशाचा रस्सा जमला होता. आप्पम मात्र कोणाच्याच देशाचं वाटलं नाही.

व्याख्यानाला हॉल बऱ्यापैकी भरला होता. जपानी कादंबरीकारावर चीनचा प्रभाव, असा विषय मी मोठ्या डौलानं मांडला. लिपी तिकडून आली, कविता आली, भात लावायची पद्धत आली, इतकंच काय बुद्धही तिकडूनच आला; आणि ज्या देशाकडून इतकं घेतलं त्यालाच जाळल्यावर एका लेखकाच्या मनाचं काय होतं, हेच या कादंबरीचं मर्म आहे, असं म्हणालो. लोक मन लावून ऐकत होते. प्रश्नांच्या वेळी एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण चीननं बासष्ट साली आपल्याशी जे केलं त्यानंतर चीनचे गोडवे आपण का गायचे? मी म्हटलं, गोडवे मी गात नाही, माझा जपानीही गात नाही. तो फक्त हिशेब लपवत नाही. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी मी नेहमीच फसतो, तसाच तेव्हाही फसलो आणि आपण काहीतरी मोठं बोललो असं समजून चहाला गेलो.

चहाच्या वेळी पांढरा सदरा घातलेला, चाळिशीला न पोचलेला एक माणूस माझ्याजवळ आला. हे पुरुषोत्तम मास्तर. पवनी तालुक्यातल्या आसगावला शाळेत शिकवतात, घरी भातशेती आहे, आणि विनायकच्या घरचा वर्षाचा तांदूळ त्यांच्याकडून येतो. त्या ओळखीनं ते व्याख्यानाला आले होते. व्याख्यान कसं झालं ते काहीच बोलले नाहीत. म्हणाले, “चला आमच्याकडं. आमचा रोवणा चालू हाय. डोळ्यानं पाहून घ्या.” रोवणा म्हणजे भाताची लावणी. माझा चिखल असा चालत माझ्याकडं आला होता, मी कशाला नाही म्हणतो?

पवनी

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं निघालो. भंडारा सोडल्यावर खिडकीबाहेर जे सुरू झालं ते पवनीपर्यंत संपलं नाही: पाण्यानं भरलेली शेतं, मधले हिरवे बांध आणि त्यात वाकलेल्या बायका. आमच्याकडं पाऊस जमिनीत जातो आणि दिसेनासा होतो. इथं तो वर उभा राहिलेला असतो. मी सारखा मास्तरांना विचारत होतो, हे काय, ते काय, आणि ते शांतपणे सांगत होते. बांध घातलेल्या शेताला इकडं बांधी म्हणतात, बांधाला धुरा, रोपांना पऱ्हे. मी ओठांत पुटपुटत ते घोकत होतो. पुढच्या बाकावरची आजी वळून वळून बघू लागली, बहुधा मी जप करतो आहे असं तिला वाटलं असावं.

अर्ध्या वाटेवर मास्तर माझ्याकडं न बघता म्हणाले, “एक सांगतो, राग नोका मानू. घरी चीनचं नाव नोका काढू. जपान म्हना, काई बी म्हना, पर थे नाव नोको.”

मग कारण सांगितलं. त्यांची मोठी बहीण यशोदाबाई, तिला ते ‘बाई’च म्हणतात, ती त्यांच्याच घरी असते. तिचे यजमान फौजेत होते. लग्नानंतर काही महिन्यांत ते सीमेवर गेले आणि बासष्टच्या लढाईत चिन्यांच्या हातून मारले गेले. तार आली, पुढं एक पेटी आली, माणूस आला नाही. सासरी तिचं कोणी उरलं नाही तेव्हा वडील तिला घेऊन आले. तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, ती त्यांच्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही. कोणी विषय काढलाच तर उठून कामाला लागते. म्हणून घरात युद्ध नाही, फौज नाही, चीन नाही. रेडिओवर बातम्यांत ते नाव आलं तर मास्तर बटण पिळतात. भाऊजी गेले तेव्हा मास्तर शाळकरी होते. भाऊजींचा चेहरा त्यांना आता नीट आठवत नाही, आणि विचारायचं कोणाला? ते म्हणाले, “बाई सोडून त्यायची याद असनारं घरात कोनी उरलं नाही. तिच्यासंगं थे बी जातीन.”

एवढं ऐकल्यावर मला आदल्या दिवशीच्या टाळ्या आठवल्या आणि कान गरम झाले. हा माणूस तिथं बसून माझं ‘हिशेब लपवत नाही’ ऐकत होता. मी म्हटलं, मास्तर, मी परत जातो. ते म्हणाले, नाही, पाहुणा अर्ध्या वाटेवरून परतवायचा नसतो. फक्त तेवढं सांभाळा. मी शब्द दिला.

पवनीला पुढची गाडी यायला वेळ होता म्हणून मास्तरांनी मला गाव दाखवलं. वैनगंगेच्या काठचं जुनं गाव, मातीचा उंच तट, आणि गावाबाहेर उत्खनन झालेली टेकडी. तिथं बौद्ध स्तूप सापडला. मी गेलो तेव्हा तिथं गवत होतं, दोन शेळ्या होत्या आणि विटांच्या ओळी पावसात भिजत होत्या. मास्तर म्हणाले, लहानपणी आम्ही इथं चिंचा पाडायला यायचो, खाली एवढं असेल कोणाला माहीत. मी त्या विटांकडं बघत राहिलो. माझा जपानी म्हणतो, आमचा बुद्ध चीनमधून आला. चीनला विचारलं तर ते आमच्याकडं बोट दाखवणार. आणि आमच्याकडं त्यावर शेळ्या चरतात. देणाऱ्याला आपण काय दिलं ते आठवत नाही, घेणाऱ्यानं मात्र हजार वर्षं सांभाळलेलं असतं. हे मी मास्तरांना सांगणार होतो, पण त्यात पुन्हा ते नाव आलं असतं. जीभ चावली. पाहुणा म्हणून माझी ही पहिलीच परीक्षा होती, आणि गाव यायच्या आधीच घाम फुटला.

आसगाव

मास्तरांचं घर कौलारू, पुढं मोठं अंगण, मागं बैल. यशोदाबाई दारात आल्या. चाळिशीच्या पुढं, उंच, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि हात असे की त्या हातांनी पाणी दिलं तरी ते काम वाटावं. मी आलो, पाय धुतले, आणि पुढची पाच मिनिटं त्यांनी मला तपासलं. मग विचारलं, भात चालतो ना? मी म्हटलं, चालतो. त्या म्हणाल्या, चालावंच लागेल, दुसरं काही नाही.

खरंच दुसरं काही नव्हतं. सकाळी भाताची पेज, दुपारी भात, संध्याकाळी भात. सोबत लाखोरीची डाळ, तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि तलावातले बारीक झिंगे, लसूण-मिरचीत परतलेले. आमच्याकडं जेवताना भाकरीचा तुकडा मोडला की जेवण सुरू झालं असं वाटतं. इथं मी दोन घास खाऊन अजून सुरुवातीची वाट बघत होतो. तिसऱ्या वाढीला मात्र त्या तांदळाचा वास डोक्यात भिनला आणि चौथ्या वाढीला नको म्हणायचं मला सुचलं नाही. यशोदाबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा जरा हसू दिसलं.

संध्याकाळी उजेड होता तोवर मास्तर आणि बाई मला तलावावर घेऊन गेले. एवढं मोठं पाणी, आणि ते माणसांनी पाळ, म्हणजे मातीचा मोठा बांध, घालून अडवलेलं, हे मला सांगितल्याशिवाय कळलं नसतं. पलीकडच्या काठाला कमळं होती आणि एकजण डोंग्यातून, म्हणजे लाकडी होडीतून, जाळं ओढत होता. हा कोणी बांधला, मी विचारलं. यशोदाबाई म्हणाल्या, “आमच्याच बुढ्यायनं. काशीवून आनलं त्यायले राजानं, तलाव बांधाले. म्हनून आमी कोहळी.” कोहळी ही तिकडची तलाव बांधणाऱ्यांची जात. किती वर्षं झाली? ते त्यांना माहीत नव्हतं. काशी कोणी पाहिली आहे? कोणीच नाही. पण आपण काशीचे, हे त्यांनी असं सांगितलं, जणू काल गाडीतून उतरले.

मी तिथंच पाळीवर बसलो. समुद्रापलीकडून आलेला तळं बांधणारा मूळपुरुष मी वर्षभर भाषांतरत होतो, लेखकाची कल्पना भारी आहे असं मित्रांना सांगत होतो. इथं त्याचे वंशज माझ्याशेजारी उभे राहून पाय खाजवत होते. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, माझ्या कादंबरीत अगदी असंच आहे, त्यांचेही पूर्वज असेच दुसऱ्या मुलखातून तळं बांधायला आले. कोणत्या, बाईंनी विचारलं. मास्तर खाकरले. मी म्हटलं, पलीकडच्या. बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा भावाकडं, आणि घराकडं चालू लागल्या.

सकाळी बांधीवर गेलो. मास्तर शाळेत गेले होते, दुपारी येणार होते. धुऱ्यावरून चालणं ही एक विद्या आहे आणि ती नगरच्या माणसाला येत नाही. दहा पावलांत माझी एक चप्पल चिखलात गेली आणि ती काढताना दुसरी. मग मी दोन्ही हातात घेऊन अनवाणी चाललो. समोर डझनभर बायका ओळीनं वाकल्या होत्या, मधोमध यशोदाबाई. डाव्या हातात रोपांची पेंढी, उजव्या हातानं दोन-तीन काड्या सुट्या करून चिखलात खुपसायच्या, आणि एक पाऊल मागं. सगळी ओळ मागं मागं सरकत होती आणि पुढं हिरवं होत जात होतं. माझ्या भाषांतरात त्या पुढं चालत होत्या. म्हणजे मी त्यांच्याकडून लावलेलं सगळं तुडवून घेत होतो. मी मोठ्यानं हसलो, आणि तिथं सापडलो.

तिकडं एक रीत आहे. रोवणा चालू असताना कोणी नवा माणूस धुऱ्यावरून गेला तर बायका त्याला अडवतात, कपाळाला चिखल लावतात आणि काहीतरी घेतल्याशिवाय सोडत नाहीत. गिरजा नावाची एक हसरी म्हातारी मजूर बोट भरून चिखल घेऊन पुढं आली आणि म्हणाली, “पाहुने, असं कोरडं कोरडं नाही जाता येत धुऱ्यावून.” माझ्या कपाळाला गार चिखल लागला. मी खिशात हात घातला. तेव्हा ओळीतून कोणीतरी म्हणालं, पैसे मालक देतोच, यांच्याकडून गोष्ट घ्या; मास्तर म्हणत होते हे जपानची गोष्ट लिहितात. सगळ्यांनी तेच धरलं. काम थांबणार नव्हतं. त्या लावत राहणार, मी धुऱ्यावर उभा राहून सांगत राहणार, असं ठरलं.

गोष्ट सांगायला मला आवडतं. पण ही गोष्ट चीनशिवाय सांगून बघा. मी ‘पलीकडचा मुलूख’ म्हणून सुरुवात केली. पलीकडच्या मुलखातून तळं बांधणारा आला, त्यानं दगडावर अक्षरं कोरली. बायकांना ती अक्षरं फार आवडली. शेवटच्या शेताला आधी पाणी, हे आपल्याकडं का नाही, यावर त्यांचा छोटासा वादही झाला. मग मुलगा फौजेत गेला, आणि तिथं मी अडखळलो. फौज हा शब्दही नको होता. पण तो निघून गेला होता, आणि पुढं त्याला लढायला ‘त्याच मुलखात’ पाठवलं असं मी म्हणालो. ओळ सरकत होती. यशोदाबाई मान वर न करता लावत होत्या.

मग त्या थांबल्या. कमरेतून ताठ झाल्या आणि मला म्हणाल्या, “कोनता मुलूख थो? नाव नाही काय त्याले?”

मी मास्तरांना शब्द दिला होता. मास्तर शाळेत होते. कोरिया म्हणालो असतो तरी त्या बायकांना काय फरक पडणार होता? पण त्या बाईंच्या डोळ्यांत मला असं दिसलं की त्यांना उत्तर माहीत आहे. भाऊ रेडिओचं बटण का पिळतो हे त्यांना वीस वर्षं माहीत होतं. खोटं सांगितलं असतं तर तेही त्यांना कळलं असतं. मी शब्द मोडला.

“चीन,” मी म्हणालो.

ओळ थांबली. गिरजानं तोंडावर हात नेला, हात चिखलाचा होता. मला वाटलं, आता बाई निघून जातील, मास्तर मला दारात उभं करणार नाहीत, आणि ते बरोबरच होईल. यशोदाबाई नुसत्या म्हणाल्या, मग पुढं काय झालं?

मग मी काही वगळलं नाही. त्यानं मोरीवर घरचीच अक्षरं पाहिली आणि तरी गाव जाळलं, हे सांगितलं. म्हातारपणी तो परत गेला, म्हातारीनं बसवलं, भात वाढला, हे सांगितलं. इथंच पुस्तक संपतं, असंही सांगितलं. बायका माझ्याकडं नाही, बाईंकडं बघत होत्या.

“त्यानं घरी सांगतलं काय?” बाईंनी विचारलं. “जाऊन आल्यावर. बायकोले.”

नाही, मी म्हटलं. पुस्तकात असं आहे की त्यानं कोणालाच कधी सांगितलं नाही. बायको विचारायची तेव्हा तो उठून शेतावर जायचा.

“म्हंजे थो बी गपच,” बाई म्हणाल्या. मग, जणू माझ्या लेखकाशीच बोलत असाव्यात अशा म्हणाल्या, “मी असती त मीनं बी वाढला असता भात. दारात आलेल्याले उपाशी धाडता येत नाही. पर आधी त्याले बसवलं असतं अन् म्हटलं असतं, तूनं ज्याले मारलं त्याचं नाव तुले माहीत नाही. थे आयकून घे. मंग जेव.”

ओळीच्या टोकाला एक नवी सून होती, त्याच वर्षी गावात आलेली. तिला कोणी काही शिकवलेलं नसावं, किंवा धीटच असावी. ती हळूच म्हणाली, “का नाव होतं वो बाई त्यायचं?”

आमच्याकडं काय आणि तिकडं काय, बाई नवऱ्याचं नाव उखाण्यात घेते, आणि नवरा गेला की उखाणाही जातो. मग ते नाव घ्यायला तिला जागाच उरत नाही. हळदीकुंकवाला नाही, बारशाला नाही, कुठंच नाही. मी घाबरून त्या सुनेकडं बघितलं. यशोदाबाईंनी पेंढी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, पुन्हा डाव्या हातात घेतली.

“दामोदर,” त्या म्हणाल्या. उखाणा नाही, यमक नाही, नुसतं नाव. “दामोदर रामाजी. मोठा उंच गडी होता. अन् पान्याले भेत होता.”

गिरजानं आधी म्हटलं, दामोदर. मग दुसरीनं म्हटलं, मग ओळभर ते नाव फिरलं, उखाण्यानंतर बायका नाव उचलून धरतात तसं, फक्त हळू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि कपाळावरचा चिखल पुसायच्या निमित्तानं मी ते पुसलं. बाई रडल्या नाहीत. वाकल्या आणि म्हणाल्या, चला, पऱ्हे सुकून राहिले. ओळ पुन्हा मागं सरकू लागली. थोड्या वेळानं त्यातल्या कोणीतरी गाणं धरलं.

मास्तर दुपारी आले तेव्हा त्यांना वाटेतच सगळं कळलेलं होतं, गावात बातमी माणसाच्या आधी पोचते. ते माझ्याकडं आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. शाळेतला खडू त्यांच्या बोटांना तसाच होता.

जेवायला आम्ही दिवेलागणीलाच बसलो. यशोदाबाईंनी भात वाढला, डाळ वाढली, आणि आपलंही ताट घेऊन आमच्या ओळीत बसल्या. एरवी त्या मागाहून जेवत. मास्तरांनी ताटाकडं बघतच विचारलं, “बाई, भाऊजी खरंच पान्याले भेत होते?”

बाईंनी घास खाली ठेवला. म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा इथं आले तेव्हा तू त्यांना डोंग्यात बसवलं होतंस, विसरला काय? मध्यापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी तुझा सदरा धरून बसले, फौजी माणूस, आणि तू हसत होतास. मास्तर म्हणाले, मला आठवत नाही. तुला आठवत नाही तर ऐक, असं म्हणून त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं: डोंगा कोणाचा होता, सदऱ्याचा रंग कोणता होता, काठावर उतरल्यावर दामोदर काय म्हणाले. मास्तर लहान पोरासारखे मांडी सावरून त्यांच्याकडं वळून बसले. तिघांच्याही ताटातला भात गार होत गेला आणि बाईंचं सांगणं काही संपेना.